पदरापदरांचा नकाशा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरचे स्वयंपाकघर संपूर्णपणे सौभाग्यवतींच्या ताब्यात जाते. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला तेथे प्रवेश मिळतो तो केवळ मीठ-साखर बरोबर आहे की नाही एवढे सांगण्यापुरता. गेल्या दिवाळीत असाच मी दाराशी उभा होतो. ओट्यावर चिरोट्यांची तयारी चालली होती. एक पोळी, तिच्यावर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, पुन्हा पोळी, असा क्रम होता. इतक्यात बेल वाजली आणि काखेत कागदाची लांबलचक गुंडाळी घेऊन आमचे भूगोलवाले हजर झाले.

'भूगोलवाले' हे त्यांचे स्टाफरूममधले नाव. मला ते 'मराठीवाले' म्हणतात. चौतीस वर्षे त्यांनी आमच्या महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि नुकतेच ते निवृत्त झाले. आत डोकावून त्यांनी ओट्याकडे पाहिले आणि म्हणाले,

"वहिनी, तुम्ही आत्ता जे करीत आहात ना, तेच मी आयुष्यभर करीत आलो."

"म्हणजे चिरोटे?" सौभाग्यवतींनी लाटणे थांबवून विचारले.

"नकाशे! पण कृती हीच. पदरावर पदर ठेवायचे. फरक इतकाच, की तुमचा एखादा पदर सरकला तर चिरोटा थोडा वाकडा होतो. माझा पदर सरकला तर माणसाच्या घरात पाणी शिरते."

हे वाक्य आमच्या घरात कोणी हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, आणि त्याचे कारण वाचकांना आधी सांगितले पाहिजे.

सोसायटीची मागची जागा

आम्ही मालाडला, मार्वे रोडच्या आतल्या बाजूस, एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घर वडिलांनी घेतलेले. २६ जुलै २००५ रोजी मी एम.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या दिवशी अंधेरीला गाडी थांबली ती थांबलीच. कमरेइतक्या पाण्यातून, लोकांनी धरलेल्या दोराच्या आधाराने मी रात्री दीडला घरी पोहोचलो. आईवडील पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होते, पण आमच्या घरात पाणी विजेच्या बटणांपर्यंत चढले होते. वडिलांची चाळीस वर्षांची पुस्तके फुगून लगदा झाली होती. त्या पाण्याची रेघ जिन्याच्या भिंतीवर अजून आहे. रंगकाम निघाले की वडील ती रेघ तेवढी पुसू देत नाहीत.

आमच्या इमारतीच्या मागे एक खोलगट जागा आहे. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, डास होतात. मागच्या भिंतीला तळाशी एक मोरी आहे, तिच्यातून ते पाणी हळूहळू पलीकडच्या नाल्यात जाते. गेल्या वर्षी सोसायटीच्या कार्यकारिणीने ठराव आणला, की ही जागा भरणी टाकून सपाट करावी, वर काँक्रीट घालावे, मोरी बुजवून भिंत पक्की करावी आणि अकरा मोटारींची सोय करावी. वरच्या मजल्यांवरच्या मंडळींना ठराव पसंत होता. त्यात वाईट काय आहे, हे मलाही नीट सांगता येत नव्हते. मनातून मात्र धास्ती होती, म्हणूनच मी भूगोलवाल्यांना बोलावले होते.

त्यांनी गुंडाळी दिवाणखान्यात उलगडली. पण ती पाहण्याआधी या नकाशांच्या शास्त्राविषयी थोडे बोलले पाहिजे. सर्वसाधारण माणसाला नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवर टांगलेला, कोपरे फाटलेला कागद वाटतो. नाहीतर मोबाईलमधली ती बाई, जी आपल्याला उजवीकडे वळायला सांगते. या दोहोंच्या मध्ये माणसांच्या दोन शतकांच्या आयुष्याचे कष्ट आहेत.

हिंगणघाटची समाधी

आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला, एका इंग्रजाची समाधी आहे. त्याचे नाव विल्यम लँबटन. १८०२ साली मद्रासजवळ त्याने साखळीने एक पायारेषा मोजली आणि त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण बांधीत तो सारा हिंदुस्थान मोजायला निघाला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र अर्धा टन वजनाचे होते. ते डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवावे लागे. वीस वर्षे हे काम करून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याचेच काम पुढे चालू राहिले, आणि १८५२ साली राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून जगातले सर्वांत उंच शिखर कोणते, ते ठरले. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टसाहेबांचे मिळाले, हे आपण जाणतोच.

लँबटनने काय दिले? जमिनीवरच्या प्रत्येक जागेला एक नेमका पत्ता दिला. घराला घरक्रमांक असतो, तसा प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांशाचा क्रमांक. तो नसता तर एका कागदावरचा ओढा आणि दुसऱ्या कागदावरची इमारत यांची गाठ कधीच पडली नसती. चिरोट्याचे पदर ज्या पोळपाटावर ठेवायचे तो पोळपाट या माणसाने घडवला.

डॉक्टरांचे ठिपके

पदर ठेवल्याने काय साधते याचा एक प्रसिद्ध दाखला १८५४ सालच्या लंडनमधला आहे. सोहो भागात पटकीची साथ आली आणि थोड्याच दिवसांत शेकडो माणसे दगावली. रोग दूषित हवेतून पसरतो, असे त्या वेळी बहुतेक विद्वान मानीत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी मेलेल्यांचे पत्ते जमवले, दारोदार जाऊन ती माणसे पाणी कोठून भरीत हे विचारले, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे बोट दाखवले. पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्यांनी नकाशा छापला, त्यात प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी खूण होती. त्या खुणा पंपाभोवती मुंग्यांसारख्या दाटलेल्या पाहिल्यावर वाद घालणे अवघड झाले.

रस्त्यांचा एक पदर, मृत्यूंचा दुसरा, पाण्याच्या पंपांचा तिसरा. तिन्ही वेगवेगळे पाहिले तर नुसती माहिती. एकावर एक ठेवले की उत्तर! आजच्या भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजे ज्याला आपण जी.आय.एस. म्हणतो त्याचे, सगळे मर्म या तीन पदरांत आहे.

विमानातले शेजारी

परंतु हाताने पदर ठेवायला मर्यादा असते. रॉजर टॉमलिन्सन नावाचा एक तरुण भूगोलज्ञ १९६० च्या सुमारास कॅनडातील एका हवाई सर्वेक्षण कंपनीत काम करीत असे. पूर्व आफ्रिकेत वृक्षलागवडीसाठी योग्य जागा शोधून देण्याचे काम कंपनीकडे आले. माती, उतार, पाऊस, रस्ते असे अनेक नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावयाचे. पण हाताने करायचे म्हटले तर खर्च इतका, की ते काम सोडून द्यावे लागले. त्याच्या मनात तेव्हा आले, की हे काम संगणकाकडून का करून घेऊ नये?

१९६२ साली विमानात त्याच्या शेजारच्या आसनावर कॅनडाच्या शेती खात्याचे ली प्रॅट नावाचे अधिकारी येऊन बसले. देशातल्या साऱ्या जमिनीची मोजदाद करण्याची मोठी योजना त्यांच्या डोक्यात होती. दोघांच्या गप्पा झाल्या, आणि त्या गप्पांतून पुढे जगातली पहिली संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली जन्मास आली. आपल्याकडे आगगाडीत शेजारी बसलेल्यांची सोयरीक जुळते. तिकडे विमानात एक शास्त्र जुळले, एवढेच.

यातली युक्ती सांगायला सोपी आहे. जगातली प्रत्येक वस्तू नकाशात ठिपका, रेघ किंवा क्षेत्र अशा तीन रूपांत येते. विहीर हा ठिपका, ओढा ही रेघ, शेत हे क्षेत्र. आणि प्रत्येकामागे एक खतावणी जोडलेली असते. ठिपक्याला विचारा, तू कोण? तो सांगतो, मी विहीर, खोली अमुक, पाणी गोडे. मग संगणकाला विचारता येते, की ओढ्यापासून शंभर फुटांच्या आत, सखल जमिनीवर, तळमजल्याची घरे किती आहेत? मोजणी कारकुनाला ज्याला महिना लागला असता ते उत्तर क्षणात मिळते.

हळूहळू हा विद्यापीठातला विषय झाला. अमेरिकेत प्रा. मायकेल गुडचाइल्ड यांनी १९९२ साली ही केवळ यंत्रविद्या नसून स्वतंत्र विज्ञान आहे, असे मांडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९९५ साली प्रा. मायकेल बॅटी यांच्या हाताखाली शहरांचाच असा अभ्यास करणारे केंद्र निघाले. शहर कसे वाढते, गर्दी कोठून कोठे वाहते, याचे गणित मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले.

पवईचे प्राध्यापक

आणि आपल्याकडे? आमच्या मालाडहून पवई फार दूर नाही. तेथल्या आय.आय.टी.त १९७६ साली साधनसंपत्तीच्या अभ्यासाचे एक केंद्र निघाले. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून जमीन, पाणी, जंगल यांचा अभ्यास करायचा हा त्याचा उद्देश. १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए आकाशात गेला आणि परक्यांच्या चित्रांवर अवलंबून राहण्याची आपली गरज कमी होऊ लागली. परंतु ती चित्रे वाचून पदर लावणारी संगणकप्रणाली परदेशी आणि महाग. एखाद्या जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयाने ती कोठून आणावी?

तेव्हा केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या पाठबळावर पवईच्या प्रा. पी. वेंकटाचलम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी प्रणाली तयार केली. तिचे नाव 'ग्राम', आणि पुढच्या आवृत्तीचे 'ग्राम प्लस प्लस'. नावातच तिचा रोख कळतो. जिल्ह्याचा अधिकारी, महाविद्यालयाचा प्राध्यापक, पाणलोटाचे काम करणारा अभियंता यांच्या हाती ते साधन यावे, हा हेतू.

आमचे भूगोलवाले याच पिढीचे. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्यापाशी रंगीत पेन्सिली, ट्रेसिंग कागद आणि खाली दिवा लावलेले काचेचे टेबल होते. रात्र रात्र ते समोच्चरेषा गिरवीत. पुढे पवईला उन्हाळी वर्गाला जाऊन संगणक शिकले. परत आले ते एखाद्या नवविवाहितासारखे खुशीत. पण महाविद्यालयात संगणक एकच, तोही हिशेब कार्यालयात! संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर कारकुनाला चहा पाजून ते त्यावर बसत. भूगोलाला तेव्हा मुले कमी येत. "ज्यांना दुसरे काही मिळत नाही ती मुले मला मिळतात," असे ते म्हणत. पण आज त्याच मुलांपैकी कोणी नकाशे करणाऱ्या कंपनीत, कोणी सरकारी खात्यात आहे. दिवाळीला त्यांच्या घरी जेवढे विद्यार्थी येतात तेवढे आम्हा भाषावाल्यांकडे येत नाहीत, हे थोडे मत्सराने का होईना, कबूल केले पाहिजे.

दोन पर्जन्यमापक

या शास्त्राची खरी कसोटी मुंबईत लागली ती २००५ साली. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला नोंद झाली अवघी ७३ मिलिमीटर! एकाच शहरात एकीकडे प्रलय, दुसरीकडे नेहमीची सर. त्या वेळी एवढ्या मोठ्या शहराचा पाऊस मोजायला वेधशाळेची ही दोनच मुख्य ठिकाणे. मधल्या मालाड-बोरिवलीवर, पवई-मुलुंडवर क्षणोक्षणी काय कोसळते आहे, हे सांगणारे कोणी नव्हते.

पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली; मार्च २००६ मध्ये तिचा अहवाल आला. शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी असताना. समुद्राला भरती असेल तर पाणी जाणार कोठे? पाऊस, भरती, उतार, नाले आणि वस्ती असे पाच पदर. प्रत्येक पदराचे जाणकार आपल्या जागी हुशार, पण पाचही पदर एका कागदावर कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. पवईचे प्रा. कपिल गुप्ता यांच्यासारख्यांनी शहरातील पूर हा खेड्यातील पुरापेक्षा निराळा विषय आहे, हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. शेतात पडलेले पाणी मुरते. काँक्रीटवर पडलेले पाणी धावते. १२ जून २०२० रोजी मुंबईसाठी 'आयफ्लोज' नावाची पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. तिच्या पोटात हेच पदर आहेत.

आमच्या मालाडपुरते बोलायचे तर खाडीकाठची तिवरे हाही एक पदर. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास मनाई केली आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालही तसाच लागला. पूर्वी "येथे तिवरे नव्हतीच" असे कोणी म्हटले की ते खोडून काढणे कठीण जाई. आता अमुक वर्षीचे चित्र काढून दाखवता येते. नकाशा साक्षीला उभा राहू शकतो तो असा.

नकाशात नसलेली माणसे

परंतु भूगोलवाल्यांना कोणी फार कौतुकाने "तुमचा नकाशा खोटे बोलत नाही" असे म्हटले, की ते हात वर करतात. "नकाशा खोटे बोलत नसेल, पण गप्प बसतो. आणि गप्प बसणे पुष्कळदा त्याहून वाईट."

मुंबईचा नवा विकास आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला तेव्हा हेच घडले. संगणकावर सुरेख रंगवलेला तो आराखडा लोकांनी पाहिला आणि त्यात इतक्या चुका दाखवल्या, की एप्रिलमध्येच तो मागे घ्यावा लागला. गावठाणांतली, कोळीवाड्यांतली माणसे आपापली घरे शोधीत नकाशावर वाकली होती. सुधारित मसुदा २०१६ च्या मे महिन्यात आला आणि मंजुरी २०१८ साली मिळाली. ते यंत्राचे अपयश नव्हते. यंत्राने जे सांगितले तेच काढले. जमिनीवर जाऊन विचारायचे राहून गेले, एवढेच.

याच्या उलट दाखला पुण्याचा. प्रतिमा जोशी या वास्तुरचनाकार बाईंनी १९९३ साली 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था सुरू केली. पुण्या-सांगलीकडच्या झोपडपट्ट्या शहराच्या नकाशावर बहुधा एका करड्या डागासारख्या दाखवलेल्या असत. आत किती घरे, कोणत्या गल्ल्या, याचा पत्ता नसे. संस्थेने वस्तीतल्याच लोकांना बरोबर घेऊन घर न् घर मोजले आणि जी.आय.एस.वर चढवले. मग दिसू लागले, की अमुक घरी शौचालय नाही आणि मलनिस्सारणाची वाहिनी मात्र जवळून गेली आहे! 'एक घर एक शौचालय' या त्यांच्या कामाचा पाया तो नकाशा आहे. करड्या डागात राहणाऱ्या बाईला पहाटेच्या अंधारात घराबाहेर जावे लागत असे, ते थांबले. ती बाई आधी नकाशावर आली म्हणून थांबले.

आणि आमच्या मालाडला? पूर्वेला पिंपरीपाड्यात २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मुसळधार पावसात टेकडीवरच्या जलाशयाची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली. तीसच्या आसपास माणसे झोपेतच गेली. दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्यांबरोबर तेथे गेलो होतो. चिखलात एक दप्तर पडले होते, आत मराठीचे पाठ्यपुस्तक. डोंगराचा उतार, पाण्याची वाट, भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली माणसे हे चार पदर वर्षानुवर्षे एकावर एक होते. ते एकत्र दिसले, पण त्या रात्री.

नावांचा पदर

आता आमच्या दिवाणखान्यातल्या गुंडाळीकडे येऊ. भूगोलवाल्यांनी सर्वांत खाली पसरला तो एका इंचाला एक मैल अशा प्रमाणाचा सर्वेक्षण खात्याचा जुना नकाशा. रेल्वेचा रूळ आणि जुने चर्च यांच्या खुणा जुळवून त्यावर त्यांनी आजचा नकाशा बसवला होता. आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यावरून एक केसासारखी निळी रेघ जात होती. ती थेट खाडीकडे निघाली होती. त्यावर आजचे उपग्रहचित्र. तेथे रेघ नाही, इमारती आहेत. त्यावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी यंत्र लावून घेतलेल्या उंचीच्या नोंदी. आमचा कोपरा आजूबाजूपेक्षा जवळजवळ चार फुटांनी खाली.

"आणि हा शेवटचा पदर तुमच्या वडिलांचा," ते म्हणाले. जिन्यावरची २००५ ची रेघ त्यांनी पट्टीने मोजून नेली होती.

मी गप्प झालो. मग माझ्या ध्यानात आले, की एक पदर मला, मराठीच्या मास्तरालाही, वाचता यायला हवा होता. मालाडची नावेच पाहा. चिंचोली बंदर! आज तेथे सिग्नलला मोटारी खोळंबतात. पण बंदर म्हणजे मचवे लागण्याची जागा, खाडीशी नाते सांगणारे नाव. त्याच्या पलीकडे एके काळी शहराचा कचरा पडे, आता काचेच्या इमारती आहेत. नाव मात्र हटलेले नाही. भंडारवाडा म्हणजे माडांशी नाते. पिंपरीपाडा, अप्पापाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली वस्ती. खारोडीच्या खाणींतला पिवळा दगड मुंबईत गेटवेपर्यंत पोहोचला. १९३४ साली बाँबे टॉकीज आले ते येथेच. १९५७ साली हे सारे बृहन्मुंबईत सामील झाले, त्याआधी ही गावेच होती. गाव शहरात गेले. नावे मागे राहिली. ही नावे म्हणजे कोणी न छापलेला नकाशाच आहे.

सभा

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. भूगोलवाल्यांनी भिंतीवर चित्र दाखवून एकेक पदर चढवला. सेक्रेटरी म्हणाले, "सर, शंभर वर्षांपूर्वीच्या रेघेवरून आम्ही आज मोटारी ठेवायच्या नाहीत काय?" काही जण हसले. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. रेघ काढणाऱ्याचा हात चुकला असेल, ओढा तेव्हाच आटला असेल.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरच्या मावशी उठल्या. त्या जवळच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबातल्या. इमारत ज्या शेतावर उभी राहिली ते त्यांच्या नात्यातल्यांचे. आजवरच्या एकाही सभेत त्या बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तो वहाळ आहे. आम्ही त्याला वहाळच म्हणायचो. पहिल्या पावसात तिथे चढणीचे मासे धरायचो. मासे खाडीतून वर यायचे, तुमच्या त्या मोरीच्या जागेवरून."

सभा शांत झाली. खाडीतून जेथून मासा वर येत होता, तेथून पाणी खाली जाणार, हे समजायला संगणक लागत नाही. उपग्रहाच्या चित्रात जे नव्हते, जुन्या नकाशात जे केसाएवढे होते, ते या बाईंच्या एका शब्दात होते. भूगोलवाल्यांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतले: 'वहाळ'. मग मला हळूच म्हणाले, "मराठीवाले, चौतीस वर्षांत हा पदर मी कितीदा विसरलो असेन!"

ठराव नामंजूर झाला नाही. सोसायट्यांत ठराव असे सहजी मरत नाहीत. तो बदलला. मोरी बुजवायची नाही, उलट रुंद करायची. खोलगट जागेत काँक्रीट नाही, पाणी मुरेल अशी खडी. मोटारी अकराऐवजी पाच, त्याही वरच्या अंगाला. ज्या सहा जणांची जागा गेली ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचेही चूक नाही. ते पाचव्या-सहाव्या मजल्यावर राहतात, आणि तेथून वहाळ दिसत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात एका भरतीच्या रात्री मी कंदील-बॅटरी घेऊन मागे जाऊन उभा राहिलो. पाणी चढले, घोट्यापर्यंत आले, आणि मग मोरीच्या दिशेने, आवाज करीत, जुन्या वाटेने निघून गेले. वडील खिडकीत जागेच होते. "गेले का?" त्यांनी विचारले. "गेले," मी म्हणालो. मग ते झोपले.

यंदा भूगोलवाले पुन्हा फराळाला येणार आहेत. सौभाग्यवतींनी त्यांच्यासाठी चिरोट्यांचा एक वेगळा डबा भरून ठेवला आहे. तसाच एक डबा मावशींच्या घरी आधीच पोहोचला आहे.